ओवीचं पोट खरंच दुखतं

ती. आई-बाबांस,
सा. न.

दिवाळीच्या सुट्टीत ओवी पंचवटीत तुमच्याकडे राहणार, म्हणून हे लिहूनच पाठवते. फोनवर बाबा "शाळा बुडवायची नाटकं" म्हणतात, मी चिडते आणि विषय तिथेच राहतो.

पावसाळ्यात तिला जुलाब झाले, तपासणीत साल्मोनेला निघाला. तो जंतू केव्हाच गेला. तरी बेंबीभोवती दुखणं, जेवण झालं की संडासला धावणं चालूच आहे आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, असं होतं. सूज ओसरली तरी आतड्याच्या नसा हळव्या राहतात, साध्या गॅसनेही कळ येते.

बाबा, तुमची हयात पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून सांगते. कॅनडातल्या वॉकरटन गावात २००० साली विहिरीतून नळाच्या पाण्यात जंतू शिरले, दोन हजारांवर माणसं आजारी पडली. पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यात, मुलं धरून, असली पोटदुखी जास्त आढळली. ती सगळी नाटकं करत होती का? बऱ्याच मुलांचं हळूहळू कमी होतं, पण वेळ लागतो.

आई, एरंडेल अजिबात देऊ नकोस. दूध बंद करायचं म्हणत होतीस. जुलाबानंतर काही मुलांना थोडे दिवस दूध पचत नाही हे खरं, पण ओवीला आता पचतंय. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकेक पदार्थ तोडत गेलो तर पोर वाळेल. वरणभात, ताक, भाकरी, जे घरात शिजेल ते दे. बाबांनी मिसळीला न्यावं, फक्त रस्सा तिचा तिला घेऊ द्यावा. (बाबांचा हात सढळ आहे, मला माहीत आहे.)

आणि तासातासाला "दुखतंय का गं?" विचारू नका. लक्ष तिकडे गेलं की जास्त दुखतं. ती म्हणाली दुखतंय, तर "हो का" म्हणा आणि पत्ते काढा.

मात्र झोपेतून दुखून उठली, शौचात रक्त दिसलं, ताप आला, उलट्या थांबेनात किंवा दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर माझी वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. फाइल तिच्या बॅगेत ठेवते.

शनिवारी दुपारच्या बसने निघतोय. द्वारक्याला उतरू, बाबांनी घ्यायला यायची गरज नाही, आम्ही रिक्षाने येतो.

तुमची,
मनू