संगणकाच्या दरपत्रकात विजेचा रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांची पाने लॅपटॉपच्या जाहिरातींनी भरून जातात. किंमत, सवलत, बिनव्याजी हप्ते, सोबत मिळणारी बॅग हे सगळे ठळक अक्षरांत असते. ते यंत्र वीज किती घेते, बिघडले तर उघडता येते का, चार वर्षांनी त्याची बॅटरी मिळेल का, याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. मी शाळेत संगणक शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक सल्ला विचारायला येतात, तेही जाहिरातीतलेच प्रश्न घेऊन. त्यांना तरी काय बोल लावणार? हेच पालक फ्रिज घेताना दारावरचे तारे मोजतात, कारण तिथे तारे लावणे सक्तीचे आहे. छताच्या पंख्यांनाही 2023 पासून ते सक्तीचे झाले. लॅपटॉपसाठीही केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकन योजना आहे, पण ती ऐच्छिक. कंपनीच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट दुकानात ग्राहकाला कशी दिसणार?

सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचे छोटे वीजमापक बाजारात मिळते. ते लावून मी मुलांना आकडे वाचायला लावते. जुना टॉवर डेस्कटॉप (उभ्या मोठ्या डब्याचा संगणक) आणि मॉनिटर, त्यावर नुसते टायपिंग चालू असेल तरी आकडा नव्वद वॅटच्या आसपास राहतो. तेच काम लॅपटॉपवर वीस-पंचवीस वॅटमध्ये होते. पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे मासे पोहू लागले की मुलांना वाटते, आता वीज वाचते आहे. मापकाचा आकडा जागचा हलत नाही. मॉनिटर बंद केला की मात्र तो लगेच खाली येतो. एवढे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

आता खरेदीकडे वळू. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, कुठेही पाहा: तीन दरपत्रके मागवायची आणि सर्वांत कमी दराचे मंजूर करायचे. त्या कमी दरात बहुधा जोडणी केलेला मोठा टॉवर येतो आणि आत बिननावाचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा. चांगल्या एसएमपीएसवर ‘80 प्लस’ असा शिक्का असतो. घेतलेल्या विजेपैकी निदान 80 टक्के वीज तो संगणकाला पोहोचवतो, हा त्याचा अर्थ. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये वाया जाणाऱ्या विजेची उष्णता होते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छताखालच्या संगणक कक्षात ती उष्णता मुलांनाच सोसावी लागते आणि ती घालवायला पंखे वाढवावे लागतात.

वीस संगणकांचा कक्ष धरा. टॉवरऐवजी मिनी पीसी (छोट्या डब्यातला संगणक) आणि एलईडी मॉनिटर घेतला तर दर यंत्रामागे साठ वॅट सहज वाचतात. रोज सहा तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले तर ही बचत 1,440 युनिट होते. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला 14,400 आणि पाच वर्षांत 72,000 रुपये. दरपत्रकात वाचवलेले पैसे असे महिन्याच्या बिलातून निघून जातात. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर या एका कक्षापायी वर्षाला टनभर जादा धूर होतो, आणि त्याची राख-धूळ चंद्रपूर, कोराडी, परळीच्या लोकांच्या वाट्याला येते.

याचा अर्थ चालू असलेले संगणक भंगारात काढा असा मुळीच नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण सध्या तेच चालले आहे. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (सुरक्षेच्या सुधारणा) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 जुन्या प्रोसेसरवर (संगणकाच्या मुख्य चिपवर) अधिकृतपणे बसत नाही, म्हणून धडधाकट यंत्रे कोपऱ्यात पडू लागली आहेत. लॅपटॉपच्या आयुष्यातल्या एकूण प्रदूषणाचा फार मोठा हिस्सा तो कारखान्यात तयार होतानाच झालेला असतो. अशा वेळी जुन्या यंत्रात हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवावी, रॅम (चालू कामाची स्मृती) वाढवावी आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी. मराठी टायपिंग, हिशेब, इंटरनेट, प्रोग्रॅमिंगचे धडे, सगळे त्यावर होते. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. आपल्याला कोणी अडवले आहे?

नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर पालकांनी दुकानात दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘यू’ असेल तर तो साधारण 15 वॅटचा, ‘एच’ असेल तर 45 वॅटचा. प्रोजेक्टचे लिखाण आणि ऑनलाइन तास यांसाठी ‘एच’ कशाला हवा? दुसरी गोष्ट, रॅम आणि एसएसडी बदलता येतात का हे विचारून घ्यावे. बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. ती कमी पडली की अख्खे यंत्र बदलायची वेळ येते. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. असा आकडा आपल्या दुकानात दिसला तर विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबावे लागणार नाही.

खराब झालेल्या यंत्रांसाठी ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि जबाबदारी उत्पादकावर आहे. पण तालुक्याच्या गावात जुना संगणक नेऊन द्यायचा कुठे, हे विचारले तर उत्तर भंगारवाला असेच येते. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, तो वास आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर नेहमी येतो.

म्हणून माझी मागणी अशी. लॅपटॉपचे तारांकन केंद्राने सक्तीचे करावे आणि डेस्कटॉपही त्यात आणावेत. आपल्या वृत्तपत्रात नव्या लॅपटॉपचे परीक्षण छापताना वीजमापकाचा आकडा आणि दुरुस्तीची सोय यांचा उल्लेख व्हावा. आणि राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने संगणक खरेदीच्या दरपत्रकात पाच वर्षांचा वीजखर्च आणि बदलता येणारे भाग असे दोन रकाने वाढवून, त्यांसह जो दर कमी ठरेल तो स्वीकारण्याची मुभा शाळांना द्यावी. पुढच्या अनुदानाच्या खरेदीपासून हे करता येईल. त्यासाठी एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका,
बार्शी, जि. सोलापूर