आधार कार्ड खाली ठेवायला लावणाऱ्या दादांना

दादा,

स्टीमचं, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातलं, खातं हॅक झालं की माणूस आधी काय करतो हे आपल्या ग्रुपवर अशी खाती परत मिळवायला मदत करणाऱ्या तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आधार कार्डाचा पुढून-मागून फोटो काढतो, पॅन जोडतो आणि 'अकाउंट माझंच आहे, प्लीज' असं तीनदा लिहितो. मग तुमचा ठरलेला निरोप येतो : 'ते आधार खाली ठेव. पहिला गेम कशाने घेतला होतास ते सांग.' त्या एका वाक्यासाठी हे जाहीर पत्र. आभार तुमचे आहेत, पण उद्या ज्याचं खातं जाणार आहे असाही कुणी हे वाचत असेल, म्हणून जरा तपशिलात जातो.

खातं उघडताना स्टीमने आधार मागितलेलंच नसतं, मग ते जुळवून कशाशी बघणार? तिकडच्या माणसासमोर असते ती फक्त खात्याची जुनी नोंद. पहिला ईमेल कोणता, फोन नंबर कोणता, पैसे कुठल्या कार्डाने किंवा यूपीआयने आले, दुकानातून डबाबंद गेम आणला असेल तर त्यातली कोणती 'की' (गेम चालू करायचा छापील कोड) टाकली. चोर पासवर्ड बदलतो, मेल बदलतो, फोन बदलतो, प्रोफाइलला भलताच फोटो लावतो. पण चार वर्षांपूर्वीच्या सेलमध्ये कोणत्या कार्डाने खरेदी झाली ते त्याला पुसता येत नाही. तुम्ही शोधायला लावता ते नेमकं तेच.

तुमचा क्रम मात्र सुरुवातीला उफराटा वाटतो. इकडे खातं हातचं चाललंय आणि तुम्ही म्हणता, आधी मेल बघ. पासवर्ड तर बदलच, पण फिल्टर आणि फॉरवर्डिंगही उघडून बघ. चोराने तिथे 'स्टीमकडून आलेलं सगळं थेट कचऱ्यात' असा नियम लावून ठेवलेला असतो, आणि आपण मदतीचं उत्तर येत नाही म्हणून बोंबलत बसतो. त्यानंतर कॉम्प्युटर. क्रॅक केलेला गेम, चीटचा (खेळात लबाडी करायचा) प्रोग्राम, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवरच्या अनोळखी पोराने 'माझा गेम टेस्ट करशील का' म्हणून दिलेली फाइल, यातलं काही चालवलं असेल तर चोराने बहुधा लॉगिन झालेलं सेशनच, म्हणजे आपण आधीच आत असल्याची खूणच, उचललेलं असतं. त्याला ना पासवर्ड लागतो ना कोड. अशा मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे कुलूप बदलून किल्ली चोराच्याच हातात ठेवणं. स्वच्छ फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनच पुढचं करायचं, हा तुमचा हट्ट रास्त आहे.

स्टीमच्या मदतीच्या पानावर 'खातं चोरीला गेलं' हा पर्याय आहे. तिथे लॉगिनचं नाव लागतं, प्रोफाइलवरचं टोपणनाव चालत नाही. टोपणनाव रोज बदलता येतं, लॉगिनचं नाव कधीच नाही, आणि आठवत नाही ते नेमकं तेच. 'जुन्या पावतीचा मेल उघड, त्यात असतं,' हे तुम्ही किती जणांना सांगितलं असेल! मित्राच्या यादीतून आपलं प्रोफाइल उघडून ७६५६११९ ने सुरू होणारा १७ आकडी नंबरही काढून ठेवायला सांगता, कारण चोराने नाव आणि लिंक बदलली तरी तो नंबर बदलत नाही.

बरेच जण अडतात ते पुढच्या पायरीवर. कोड कुठे पाठवू असं विचारलं जातं आणि समोर चोराचाच अर्धवट झाकलेला मेल दिसतो. तिथे घाबरून पान बंद करायचं नाही. 'हा मेल आता माझ्याकडे नाही' अशा अर्थाची ओळ असते, ती दाबत गेलं की पुरावे मागणारा फॉर्म येतो.

पुराव्यांच्या बाबतीत तुमचा हात धरणारा कुणी नाही. कार्डाचे शेवटचे ४ आकडे द्यायचे, पूर्ण नंबर किंवा सीव्हीव्ही कधीच नाही. कार्डाची मुदत संपून बँकेने नवं दिलं असेल तर नव्याचे आकडे काही कामाचे नाहीत, म्हणून त्या काळचं स्टेटमेंट काढायला लावता. कार्ड बाबांचं असेल तर तसं सरळ लिहायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. यूपीआयने घेतलं असेल तर बँकेच्या अॅपमधला १२ आकडी व्यवहार क्रमांक, आणि शेजारी स्टीमच्या पावतीवरचा कन्फर्मेशन नंबर. जितकी जुनी खरेदी तितकी वजनदार. हॅक झाल्यानंतरची नोंद चोराचीही असू शकते ना!

आणि ज्यांच्याकडे डब्यातून आलेला गेम होता त्यांच्यासाठी ती जुनी युक्ती. कीचा छापील कागद टेबलावर सपाट ठेवायचा, एचटीने सुरू होणारा तक्रारीचा नंबर बॉलपेनने त्याच कागदावर लिहायचा आणि की व नंबर दोन्ही स्पष्ट येतील असा फोटो काढायचा. फ्लॅश नको, चकचकीत कागदावर नेमके मधले आकडे उडतात. वेगळ्या चिठ्ठीवर नंबर लिहून ती शेजारी ठेवली तर काय बिघडतं? तर कीचा फोटो इंटरनेटवरून उचलता येतो. त्याच कागदावर आजच्या तक्रारीचा नंबर शाईने लिहायला कागद हातातच असावा लागतो.

तक्रार एकच, सोप्या इंग्रजीत, दहा ओळींच्या आत. उत्तराला उशीर झाला म्हणून दुसरी टाकायची नाही, त्याच तक्रारीत भर घालायची. चोराने कार्डावर खरेदी केली तर रागाच्या भरात बँकेला सांगून पैसे उलटवायचे नाहीत, कारण पेमेंटवर वाद उभा राहिला की स्टीम खातंच कुलूपबंद करतं आणि एक दुखणं दोन होतात. आधी कार्ड ब्लॉक करायचं आणि त्या खरेदीचं तक्रारीतच लिहायचं. स्टीमची फोनवर मदत नाही, डिस्कॉर्डवर त्यांचा कुणी 'अॅडमिन' नाही. गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअरला कुणी पैसे पाठवून बसला असेल, तर तुम्ही गेमचं सगळं बाजूला ठेवून त्याला आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावायला सांगता.

खातं परत आलं की लोक थेट गेम उघडतात आणि तुम्ही ओरडता. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट, मोबाइलवर स्टीम गार्ड (लॉगिनला फोनवरची मंजुरी मागणारं कुलूप) आणि ती वेब एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला आपल्या खात्यात हात घालू देणारा कोड. आपण ती कधी काढलीच नसेल तर ते पान रिकामं हवं. तिथे की दिसली तर ती चोराची समजायची, आणि पासवर्ड बदलला म्हणजे ती गेली असं धरून चालायचं नाही, ती हाताने रद्द करायची. त्या कीच्या जोरावर चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) आपला खरा ट्रेड, म्हणजे गेममधल्या वस्तूंची अदलाबदल, रद्द करतो, मित्राचंच नाव-फोटो लावलेल्या बनावट खात्यातून हुबेहूब दुसरा पाठवतो आणि आपण फोनवर न बघता मंजुरी देतो.

खोटी आशा लावत नाही, याबद्दलही आभार. गेलेल्या स्किन्स (गेममधल्या शस्त्रांची सजावट) स्टीम सपोर्ट भरून देत नाही. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये २०२५ पासून ७ दिवसांच्या आतले ट्रेड उलटवता येतात, पण मग त्या मुदतीतले सगळेच उलटतात, हवे तेवढे निवडता येत नाहीत. चोराने चीट वापरून व्हॅक बॅन (स्टीमच्या चीट पकडणाऱ्या यंत्रणेची बंदी) ओढवला असेल तर तोही तसाच राहतो. आणि विकत घेतलेलं खातं घेऊन कुणी आला तर तुम्ही सरळ नाही म्हणता. मूळ मालकाकडे पहिली पावती आहे, तो कधीही येऊन घेऊन जाईल. एवढं तोंडावर सांगायला धमक लागते.

या सगळ्याचे तुम्ही एक रुपया घेत नाही. तुमच्या नावाने पैसे मागणारी दोन खाती आहेत, ती तुमची नाहीत, हेही इथेच लिहून ठेवतो.

आपले,
ग्रुपवरचे सगळे

ता. क. : स्टीम गार्डचा 'आर'ने सुरू होणारा रिकव्हरी कोड (फोन हरवला तर लागणारा) सगळ्यांनी कागदावर लिहून घेतला आहे, फोनमध्ये फोटो काढून नाही. कागद आधार कार्डाच्याच पाकिटात ठेवलाय.