घाई न केल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मुलाच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढुरकी दिसू लागली, तेव्हा आधीच्या ठिकाणी 'रेटिनोब्लास्टोमा' हा शब्द ऐकून आम्ही हादरलो होतो. लहान मुलांच्या डोळ्यातला कर्करोग. कदाचित डोळाच काढावा लागेल. तुम्ही घाई केली नाहीत, म्हणून हे पत्र.

या कर्करोगाच्या गाठीत बहुधा कॅल्शियम असतं, म्हणून सोनोग्राफीत गाठीमध्ये ते आहे का, हे तुम्ही बारकाईने पाहिलंत. मग विचारलंत, "घरात कुत्र्याचं पिल्लू आहे का? हा माती तोंडात घालतो का?" डोळ्याच्या डॉक्टरांनी हे का विचारावं, तेच आम्हाला उमगेना!

टॉक्सोकॅरा हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कुत्र्याच्या आतड्यातला हा जंत पिल्लांना आईच्या पोटातच लागतो. विष्ठेतून पडलेली अंडी मातीत काही आठवडे राहिली की संसर्ग करण्याजोगी होतात. ती माणसाच्या पोटात गेली तर अळी बाहेर पडते, पण तिचा पूर्ण वाढलेला जंत होत नाही. अर्ध्या मिलिमीटरहून लहान असलेली ती अळी शरीरभर भटकते, क्वचित डोळ्यात शिरते आणि तिथे सूज येऊन गाठ बनते. 1950 साली हेलेनॉर वाइल्डर यांनी कर्करोगाच्या संशयावरून काढलेले 46 डोळे तपासले, तर 24 डोळ्यांत अशा अळ्या किंवा त्यांचे अवशेष सापडले. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मुलाला मी घट्ट धरलं होतं.

रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी तुम्ही डगमगला नाहीत. अळी फक्त डोळ्यात असेल तर रक्तात प्रतिपिंडं दिसतीलच असं नाही, म्हणालात. स्टेरॉइडने सूज उतरली. पडद्यावरचा व्रण राहणार, हेही तुम्ही लपवलं नाहीत. खोट्या दिलाशापेक्षा ते बरं वाटलं.

घरात सगळे पिल्लू देऊन टाकायला निघाले होते. (आजी तर पिशवी घेऊनच उभी!) ताजी विष्ठा लगेच संसर्ग करत नाही, ती रोजच्या रोज उचला, पिल्लाला वेळेवर जंताचं औषध द्या, मुलाचे हात धुवा, एवढ्यावर तुम्ही तो विषय मिटवलात. हा आजार मुलाकडून त्याच्या ताईला लागणार नाही, हे ऐकून तर तीही पुन्हा भावाशेजारी झोपू लागली.

कमजोर डोळ्याला काम पडावं म्हणून चांगल्या डोळ्यावर लावायच्या पट्टीसाठी रोज रडारड होते, पण पट्टी चुकत नाही. पुढच्या तपासणीला पिल्लाचं जंताच्या औषधाचं कार्डही आणतो, तुम्ही मागितलं होतंत.

आपले कृतज्ञ,
एका लहानग्या पेशंटचे आई-बाबा