जीर्णोद्धार हवा, पण सिमेंट आणि ऑइलपेंट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की गावोगावी वर्गणी जमते आणि देवळासाठी पहिली खरेदी होते ती सिमेंटची पोती आणि ऑइलपेंटचे डबे. हेतू चांगलाच असतो. नुकसान मात्र कायमचे होते.

हेमाडपंती देवळात घडीव चिरे बहुधा चुन्याशिवाय, एकमेकांत बसवलेले असतात. सांध्यांत शिरलेले पाणी सांध्यांतूनच बाहेर पडते. सिमेंटने हे सांधे भरले की ही वाट बुजते, ओल गाभाऱ्याकडे वळते आणि सिमेंटमधले क्षार दगडावर पांढरे फुटतात. मग गळती थांबवायला शिखरावर आणखी गिलावा चढतो. ओझे वाढते, गळती तशीच. ऑइलपेंटही ओल कोंडतो आणि सुटताना झिजलेल्या नक्षीचे कण सोबत नेतो. तो काढायला ग्राइंडर, सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) किंवा ॲसिड वापरणे तर त्याहून वाईट. असा रंग प्रशिक्षित संवर्धकानेच, आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन उतरवावा. (शेंदराचा प्रश्न श्रद्धेचा आहे, तो यात मिसळू नये.)

जिथे मुळात चुन्याचे काम आहे, तिथे चुनाच वापरावा. ताजी कळी (भाजलेला, न विरलेला चुना) पाण्यात विरवून किमान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर मुरू द्यावी आणि गाळून घ्यावी. एक भाग चुना, एक भाग सुरकी (विटांची पूड), दोन भाग धुतलेली वाळू हे प्रमाण चालते. सांधा छिन्नीने हाताने मोकळा करावा, रुंदीच्या दुप्पट खोल भरावा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. चुना नीट विरला नसेल तर आतले खडे नंतर फुगतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. ‘लवकर धरावा’ म्हणून गवंडी त्यात मूठभर सिमेंट टाकतो, तिथे उभे राहून लक्ष द्यावे लागते. पिंपळाचे रोप ओढून काढू नये, चिरे हलतात. बुंध्याशी कापून पुन्हा फुटणारे कोंब खुडत राहावेत.

देवळाबाहेरच्या वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांचे, हाल वेगळेच. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा हा दगड कित्येक गावांत धुणे धुवायला किंवा पायरीला वापरलेला दिसतो. तो हलवणे भागच असेल तर आधी मूळ जागेची नोंद आणि फोटो घ्यावेत. जेसीबीची साखळी थेट लावू नये, गोणपाट गुंडाळून दोराने उचलावा. उभा करताना बुडाशी काँक्रीट न ओतता खडी आणि माती ठोकून भरावी. अक्षरे दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नये. अंधारात बाजूने टॉर्च धरला की झिजलेली ओळही फोटोत उठते.

१९६० च्या राज्य कायद्याचे संरक्षण अधिसूचित स्मारकांनाच मिळते आणि गावचे बहुतेक वीरगळ, बारवा, समाध्या त्या यादीत नाहीत. मात्र शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, आणि जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

१ मे रोजी ग्रामसभा आहे. जागा, मोजमाप आणि चारही बाजूंचे फोटो यांसह गावच्या अवशेषांची यादी तीत मांडून ठरावाने ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावावी आणि एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांकडे पाठवावी. रंगाची वर्गणी त्यानंतर गोळा करावी.

— एक वाचक, सातारा