कुस्तीत डावाचे नाव छापता, मग बॉक्सिंगमध्ये का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेरेन्स क्रॉफर्डने डिसेंबर 2025 मध्ये अपराजित राहून बॉक्सिंगमधून निवृत्ती जाहीर केली. तेव्हापासून आमच्या भागातील तालमीत संध्याकाळची मेहनत आटोपली की मुले मोबाईलवर त्याच्या जुन्या लढती लावून बसतात आणि चर्चा रंगते. ती बहुतेक वेळा एकाच लढतीवर येऊन थांबते. 29 जुलै 2023 रोजी लास वेगासमध्ये वेल्टरवेट गटात, म्हणजे 147 पौंडांत, त्याने एरॉल स्पेन्सला नवव्या फेरीत हरवले, ती ही लढत. या चर्चेत जाणत्या माणसांच्या तोंडूनही एक वाक्य हमखास ऐकू येते: "क्रॉफर्डचं काय मोठं नाही, स्पेन्सच संपल्याला होता बघा." त्या वाक्याविषयी आणि त्यामागे वृत्तपत्रांचाही थोडा वाटा आहे असे मला वाटते, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

लढतीआधी स्पेन्स संपलेला आहे असे कोणी म्हणत नव्हते. तो 28 लढती जिंकून अपराजित होता आणि गटातील चारपैकी तीन जागतिक पट्टे त्याच्याकडे होते. चौथा पट्टा क्रॉफर्डकडे होता आणि तोही 39 लढतींत हरलेला नव्हता. कोण जिंकेल यावर जगभरातील जाणकारांत दोन तट पडले होते. निकाल एकतर्फी लागला आणि दुसऱ्याच दिवशी स्पेन्सचा 2019 मधील मोटार अपघात आणि 2021 मधील डोळ्याच्या पडद्याची दुखापत सर्वांना आठवली. पण त्या दोन्ही संकटांनंतर, एप्रिल 2022 मध्ये, याच स्पेन्सने योर्देनिस उगासला दहाव्या फेरीत थांबवून तिसरा पट्टा मिळवला होता, याची आठवण मात्र कोणी काढत नाही. त्यानंतर पंधरा महिने तो रिंगमध्ये उतरला नव्हता, हे खरे आहे आणि त्याचा काही परिणाम झाला असेल, हेही मी मान्य करतो. तेवढ्याने त्या रात्रीचा उलगडा होत नाही.

उलगडा लढतीतच आहे. क्रॉफर्ड मूळचा उजव्या हाताचा, पण त्या रात्री तो डावखुऱ्याच्या पवित्र्यात उभा राहिला. त्यामुळे त्याचा जोरकस उजवा हात पुढे आला आणि इतरांचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जिथे केवळ अंतर मोजतो तिथे त्याचा जॅब डोके मागे फेकू लागला. पहिली फेरी म्हणजे आपल्या भाषेत खडाखडी होती. स्पेन्स दाब देत पुढे येत होता आणि क्रॉफर्ड त्याची लय टिपून घेत होता. दुसऱ्या फेरीच्या अखेरीस त्याच्या जलद जोडठोशांनी स्पेन्स खाली बसला. व्यावसायिक कारकिर्दीत स्पेन्स खाली पडण्याची ती पहिलीच वेळ होती. सातव्या फेरीत तो आणखी दोनदा पडला, एकदा उजव्या अपरकटने, म्हणजे खालून वर घातलेल्या ठोशाने, आणि एकदा उजव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने. हे ठोसे फार लांबून आलेले नाहीत. समोरचा स्वतः मारायला पुढे झुकला, त्या क्षणी ते आखूड अंतरातून घातलेले आहेत. प्रतिस्पर्ध्याचा जोर त्याच्यावरच उलटवणे ही गोष्ट ज्याने मातीत चार दिवस काढले आहेत त्याला समजावून सांगावी लागत नाही.

आकडेही तेच सांगतात. मोजणीनुसार क्रॉफर्डने 369 ठोसे मारले आणि त्यांतील 185 लागले. स्पेन्सने 480 मारले, लागले 96. जो जास्त मारत होता त्याचेच पाचांतील चार ठोसे वाया जात होते. नवव्या फेरीत पंच हार्वी डॉक यांनी लढत थांबवली, तेव्हा गुण देणाऱ्या तिन्ही पंचांच्या कागदावर 79-70 असे गुण होते. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ गुण मिळतात, आणि खाली पडल्यास आणखी कमी, हा नियम लक्षात घेतला की आठ फेऱ्यांपैकी एकच स्पेन्सच्या वाट्याला आली होती, हे मुलांनाही बोटांवर मोजता येते. आमच्याकडे पुढे पुढे जाणारा तोच जिंकतो असा समज पक्का आहे. गुण मात्र स्वच्छ आणि परिणामकारक ठोशांना मिळतात, आणि बचाव व रिंगवरील ताबाही त्यात पाहिला जातो.

13 सप्टेंबर 2025 रोजी हाच क्रॉफर्ड दोन वजनगट ओलांडून 168 पौंडांत त्या गटाचा विजेता कॅनेलो अल्वारेझ याच्याशी लढला आणि तिन्ही पंचांनी त्यालाच विजयी ठरवले, तेव्हाही "नुसता पळत होता" हेच ऐकावे लागले. ज्या खेळात डोक्यावर मार बसतो आणि त्याची किंमत अनेकांना उतारवयात मोजावी लागते, त्या खेळात मार न खाता जिंकणे याला पळणे म्हणावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझा पुतण्या बॉक्सिंग शिकतो. दोन ठोसे खाऊन एक मारला की तो स्वतःला शूर समजतो, कारण टाळ्या त्यालाच पडतात.

आता वृत्तपत्रांविषयी. आनंदवाडीच्या आखाड्यात, येळ्ळूरला किंवा कंग्राळीला मैदान झाले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कोण कोणत्या डावावर जिंकला हे लिहिलेले असते. घिस्सा, एकचाक, घुटना, एकलंगी अशी नावे वाचत वाचतच आमची पिढी कुस्ती पाहायला शिकली. सुरुवातीला कब्जा कोणी घेतला आणि तो कसा निसटला, हेही बातमीदार सांगतो. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील प्रेक्षक चितपट झालेल्या मल्लाला "संपलेला" न म्हणता आधी "डाव चांगला बसला" असे म्हणतो. बॉक्सिंगच्या बातमीत मात्र फेरी, निकाल, मानधनाचे कोटींतले आकडे आणि रक्ताळलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र एवढेच येते. कसे जिंकला हे कुठेच नसेल, तर वाचकाने कारण हरलेल्याच्या दुखापतींत शोधले, याचा सगळा दोष मला त्याला देता येत नाही.

माझी विनंती छोटी आहे. मोठी लढत झाली की आपल्या क्रीडापानावर दोन ओळी एवढ्यासाठी राखाव्यात: विजेत्याचा पवित्रा कोणता होता, कोणता ठोसा कशामुळे लागला आणि फेऱ्या कशा विभागल्या गेल्या. यासाठी वेगळा तज्ज्ञ लागेल असे मला वाटत नाही. मैदानाची बातमी लिहिणारे आपले बातमीदार ही लढत एकदा शांतपणे पाहतील, तर सातव्या फेरीतला तो अपरकट त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

आपला नम्र,
तालमीतील एक जुना वाचक
शहापूर, बेळगाव