डाव्या बाजूला येऊन बसलेल्या सुभेदार साहेबांना

आदरणीय सुभेदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

ह्यांच्या डिसॅबिलिटी पेन्शनचा निकाल आपल्या बाजूने लागला, हे तुम्हाला फोनवर सांगताना मला रडूच फुटलं आणि आभार मानायचे राहिले. म्हणून हे पत्र. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

हे तोफखान्यातले. १९९९ साली द्रासला बोफोर्सवर होते. रात्रंदिवस मारा चालायचा आणि कानात काय, तर कापसाचे बोळे. उजवा कान तिथेच गेला, डावा अर्धामुर्धा राहिला. आणि निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने लिहून दिलं की बहिरेपणाचा सैन्यसेवेशी संबंध नाही! १५५ मिलिमीटरच्या तोफेशेजारी उभं राहिलेल्या माणसाला असं लिहून देताना हात कसा धजावला?

पुढे जिथे जिथे गेलो तिथे एकच प्रकार. ह्यांना ऐकू येत नाही म्हटलं की समोरचा तोंड फिरवून माझ्याशी बोलायचा. "बाई, समजावा ह्यांना, काही होणार नाही." हे शेजारीच बसलेले असायचे. एका वकिलाने पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणंच सोडलं. ह्यांनी तर बाहेर कुणाशी बोलणंच टाकलं होतं.

मग कुणीतरी विजापूर रोडवरचं तुमचं घर सांगितलं. तुम्ही फाईल उघडलीही नव्हती. हे मान वळवून डावा कान पुढे करतायत, हे तुमच्या नजरेने टिपलं. काही न बोलता उठलात, खुर्ची उचललीत आणि ह्यांच्या डाव्या हाताला येऊन बसलात. आवाज न चढवता, सावकाश विचारलंत, "कुठली रेजिमेंट? गन पोझिशन कुठे होती?"

साहेब, हे बोलत सुटले! इतक्या वर्षांच्या संसारात मी न ऐकलेलं त्या दिवशी ऐकलं. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, आणि ह्यांना विचारायचं ते मला विचारलं नाहीत.

भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं, तसं नसेल तर ते सैन्याने सिद्ध करायचं, तो भार जवानावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलंय. आम्हाला ते तुमच्याकडून कळलं. अपील तुम्हीच लिहिलंत, पण द्रासचा मजकूर ह्यांच्याच शब्दांत ठेवलात. आता २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरून पेन्शन मिळणार आहे. पैशाची गरज होतीच, खोटं कशाला बोलू? पण निकाल उलटा लागला असता तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

पुढ्यात बसलेल्या माणसाशी बोलावं, एवढी माणुसकी टेबलामागच्या प्रत्येकाला जमायला हवी. त्याला ना जीआर लागतो, ना निधी. आपल्या जिल्ह्यात गावोगावी माजी सैनिक आहेत, त्यातले कितीतरी एका "नाही"वर घरी बसले असतील.

तुम्ही फी घेतली नाहीत. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतेय, त्याला मात्र नाही म्हणू नका. आमच्या गावातल्या एका जवानाच्या गुडघ्यांचा असाच प्रश्न अडलाय. हे स्वतः त्यांना घेऊन मंगळवारी तुमच्याकडे येतायत.

आपली,
एका तोफखान्यातल्या माजी सैनिकाची पत्नी,
मोहोळ तालुका, जि. सोलापूर