मुक्ताच्या गणितात राहिलेली भरती

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

सूर्य म्हातारा होऊन फुगेल तेव्हा पृथ्वी वाचेल का, याचं तुझं गणित मिळालं. सूर्याचं वस्तुमान घटलं की त्याची पकड ढिली पडते आणि पृथ्वी दूर सरकते, हे बरोबर. वस्तुमान आणि कक्षेची त्रिज्या यांचा गुणाकार कायम राहतो, पण घट सावकाश असेल तरच. सुमारे ७.६ अब्ज वर्षांनी सूर्य तांबडा राक्षसी तारा म्हणून सर्वांत जास्त फुगेल, तोवर एक तृतीयांश वस्तुमान गेलेलं असेल. १५ कोटी किलोमीटर भागिले दोन तृतीयांश, साडेबावीस कोटी. सूर्याची त्रिज्या तेव्हा आजच्या २५६ पट, म्हणजे जवळजवळ १८ कोटी. म्हणून तू लिहिलंस, ‘पृथ्वी वाचली’.

यात भरती धरायची राहिली. चंद्र आपल्या समुद्रात भरती आणतो, तसा पृथ्वी सूर्यावरही फुगवटा उठवते. इतका फुगलेला सूर्य स्वतःभोवती जेमतेम फिरतो, त्यामुळे फुगवटा पृथ्वीच्या मागे पडतो आणि तिला मागे खेचतो. तिचा कोनीय संवेग, म्हणजे कक्षेत फिरण्याचा जोर, कमी होतो, कक्षा आत येते. (चंद्राचं उलट आहे. पृथ्वी भरभर फिरते, फुगवटा पुढे जातो, म्हणून चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो.) ही ओढ त्रिज्या भागिले अंतर याच्या आठव्या घाताने वाढते. सूर्य दुप्पट फुगला की ओढ २५६ पट. वरच्या २५६ शी याचा संबंध नाही, घोटाळा करू नकोस. श्रोडर आणि स्मिथ या खगोलशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे धरून हिशेब केला, त्यात पृथ्वी गिळली जाते. वाचायची तर ती आज निदान १.१५ पट लांब हवी होती. वस्तुमान घटण्याचा वेग थोडा बदलला तरी उत्तर फिरतं, म्हणून वहीत ‘बहुधा’ लिही. समुद्र मात्र त्याच्या कितीतरी आधी आटलेले असतील, कारण सूर्य दर अब्ज वर्षांत साधारण १० टक्के प्रखर होतो.

शेवटी सूर्याचा श्वेत बटू, म्हणजे विझलेला लहानसा दाट गाभा, उरेल, वस्तुमान आजच्या ०.५४ पट. गुरूचं आजचं अंतर, ७८ कोटी किलोमीटर, त्याने भाग: १४४ कोटी, आज शनी आहे तिथे. या सरकासरकीत लघुग्रहांच्या कक्षा बिघडतात, काही आत फेकले जातात, आणि श्वेत बटूपासून सुमारे ७ लाख किलोमीटरच्या आत आले की भरतीच त्यांना फोडते. कन्या राशीतल्या डब्ल्यूडी ११४५+०१७ या श्वेत बटूभोवती २०१५ मध्ये असे तुकडे सापडले. साडेचार-पाच तासांत त्यांची एक फेरी होते आणि त्यांची धूळ ताऱ्याचा ४० टक्क्यांपर्यंत प्रकाश अडवते. ती धूळ ताऱ्यावर पडते, वर्णपटात (त्याचा प्रकाश रंगांत फोडला की दिसणाऱ्या पट्ट्यात) कॅल्शियम, लोह, सिलिकॉनच्या रेषा उमटतात. श्वेत बटूच्या प्रचंड गुरुत्वामुळे जड मूलद्रव्यं तळाशी बुडतात. ती वर दिसतात म्हणजे नंतर बाहेरून पडलेली. फुटलेला ग्रह कशाचा होता, हे असं वाचता येतं. मला या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही. व्हॅन मानेनचा तारा या श्वेत बटूच्या १९१७ च्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा होत्याच, फक्त त्यांचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

आता पुढचं गणित. डब्ल्यूडी १८५६+५३४ या श्वेत बटूभोवती २०२० मध्ये गुरूएवढा ग्रह सापडला. फेरी १.४ दिवसांची, अंतर सुमारे ३० लाख किलोमीटर. तारा फुगला होता तेव्हा ही जागा त्याच्या पोटात होती. मग ग्रह तिथे कधी आणि कसा आला? दूरवर दोन तांबडे बटू, म्हणजे छोटे मंद तारे, त्या श्वेत बटूच्या जोडीला आहेत, ते हिशेबात घे आणि उत्तर कळव.

तुझी,
आई